जामसंड्यात आतल्या आवाजाची साथ

शिव शिव शिव! काय दिवस आले म्हणायचे. जामसंड्यासारख्या गावात पहाटे पाचला ज्याच्या खिडकीत उजेड दिसतो तो माणूस एकतर फवारणीला निघालेला असतो, नाहीतर नांदगाव तिठ्यावर गाडी धरायची म्हणून धावपळ करत असतो, नाहीतर आजारी असतो. चौथं कारण आजवर नव्हतं. आता आहे. आता माणसं पहाटे उठतात आणि काही म्हणजे काही करत नाहीत. बसतात. पुढ्यात वही. वहीत तीन पानं भरायची. काय लिहितेस गो, म्हणून विचारावं तर उत्तर मिळतं, "मनात येता ता लिवतंय." म्हणजे उधारी नाही, वाणसामान नाही, रामनाम नाही, मुंबईच्या दिराला पत्र तर नाहीच नाही. आणि लिहिलेलं निदान काही आठवडे परत वाचायचंही नाही म्हणे! अहो, कागदाचे भाव काय झालेत, शाळा सुरू होताना वह्या घेणाऱ्या आईबापांना विचारा.

साथीचं मूळ कुठलं याचा छडा बाजारात एका सकाळीच लागला. मूळ अमेरिकेतलं निघालं. जूलिया कॅमेरून नावाच्या लेखिकाबाई आहेत. त्यांनी १९९२ साली 'द आर्टिस्ट्स वे' नावाचं पुस्तक काढलं. बारा आठवड्यांचा नेम. रोज सकाळी उठल्याउठल्या हाताने लिहिलेली तीन पानं आणि आठवड्यातून एकदा स्वतःची स्वतःशीच गाठभेट. ही भेट एकट्यानेच घ्यायची. नवरा, मैत्रीण, मूल, कुणी बरोबर चालत नाही. असं केलं की आत अडकलेली प्रतिभा मोकळी होते. तीस वर्षं झाली, पुस्तक जगभर खपतंय. तिथून ते मुंबईला आलं, मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमान्यांच्या बॅगेतून देवगडला उतरलं, आणि देवगडहून जामसंड्याला यायला काय, रिक्षाही पुरते.

तीन पानांचं एक वेळ सोडा. पण ती गाठभेट! एखादी बाई एकटी कुणकेश्वरच्या पुळणीत जाऊन बसली, हातात पिशवी नाही, बरोबर पाहुणा नाही, देवळात अभिषेक नाही, नुसती समुद्राकडे बघतेय, तर काय होतं ते ऐका. पहिला ओळखीचा माणूस विचारतो, "कोणाची वाट बघतंस?" दुसरा विचारतो, "घरात काय झाला काय गो?" तिसरा काहीच विचारत नाही, तो थेट तिच्या माहेरी फोन लावतो. संध्याकाळपर्यंत तिचा घटस्फोट झालेला असतो, आणि रात्री भाकऱ्या थापताना तिलाच ती बातमी कळते. त्या अमेरिकन बाईंनी प्रकरणाचा हा भाग पुस्तकात घेतलेला दिसत नाही.

बरं, सामग्री तरी साधी असावी! वही हाताने बनवलेल्या कागदाची, दोऱ्याने शिवलेली, मुखपृष्ठावर सुकलेलं पान डकवलेली. पेन शाईचं. आणि मेणबत्ती, तीही वासाची. वीज गेली म्हणून नव्हे हो, वीज असताना! आम्ही यावर यथेच्छ हसून घेतलं. पण आमच्या हसण्यावर एका निवृत्त गुरुजींनी पाणी टाकलं. म्हणाले, समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिलाय. अक्षर कसं काढावं, ओळी कशा राखाव्यात, कागद, शाई, लेखणी कशी असावी, सगळं बजावून सांगितलंय. झालं, सगळ्यांची तोंडं बंद. म्हणजे हा चोखंदळपणा साडेतीनशे वर्षांचा, आणि तोही लंगोटी लावणाऱ्या माणसाचा. फरक एवढाच की समर्थांचा खटाटोप दुसऱ्याला नीट वाचता यावं म्हणून होता. इथे दुसऱ्याने वाचलं तर महिनाभर अबोला.

खरी गंमत होमस्टेवाल्यांकडची. पूर्वी मुंबई-पुण्याचा पाहुणा यायचा तो सुरमई, हापूस आणि पवनचक्क्यांपुढे फोटो या तीन गोष्टींसाठी. आता तो येतो शांततेसाठी, आणि शांततेचे वेगळे पैसे देतो. एका घरी तर सकाळी सहा ते आठ मौन पाळायचं ठरलं, कारण पाहुण्यांची प्रेरणा त्या वेळात येते. रेडिओ बंद, पंप बंद, मिक्सर बंद. आता मिक्सर बंद म्हटल्यावर घावण्यांचं पीठ कोण वाटणार आणि चटणी कशी होणार? त्या घरच्या वहिनींनी मागच्या पडवीतला पाटा-वरवंटा धुऊन काढला. सासू गेल्यापासून तो कडेला उभा होता. सकाळी सहा वाजता त्या पाट्याशी बसल्या, भिजवलेले तांदूळ वाटले, मग ओलं खोबरं, मिरच्या, आलं, मीठ. एक गुडघा उंच, एक पाय पसरलेला, पदर खोचलेला. दर चार हातांनंतर बोटाने कडेचं मधे ओढायचं, पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा वरवंटा. वर माडीवर पाहुण्यांनी तो घसघस आवाज ऐकला आणि वहीत कविता उतरली. नाश्त्याला वाचूनही दाखवली. त्यात आदिम लय होती, धरतीचा श्वास होता. वहिनी घावणे वाढत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि एक घालू?" त्यांच्या मनगटाला आयोडेक्सचा वास होता, तो कवितेत आलेला नव्हता.

असो. वही ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे आतला आवाज. तीन पानं लिहून मन रिकामं झालं की तो यायला लागतो, आणि काय करायचं ते सांगतो. तो एकदा आला की मोठ्या माणसांचं काही चालत नाही. एका वाडीतला मुलगा, पुण्यात चांगली नोकरी, करोनानंतर महिन्यातले पंधरा दिवस घरूनच काम करायचा. त्याला आतल्या आवाजाने सांगितलं की ही नोकरी तुझी नव्हे, तू मातीची भांडी घडव. वडील बागायतदार. मोहोर करपला तरी ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, असा माणूस ओटीवर मटकन बसला. आई मात्र आतूनच म्हणाली, "माझो आतलो आवाज सांगता, पयलो ऊठ आनि नारळ सोलूक घे." आणि काय सांगू, सोलले त्याने.

दुसऱ्या एकाला आवाजाने बुलेट घ्यायला सांगितलं. तिसरीला आवाजाने सांगितलं की नणंदेच्या लग्नात चार दिवस आधी जायची गरज नाही. चौथ्याला पार हिमाचलला जायला सांगितलं, तेही ऐन एप्रिलमध्ये, आंबा काढणीच्या दिवसांत, जेव्हा झेला हातात धरणारा गडी दुप्पट मजुरीवरही मिळत नाही. तुमच्या लक्षात येतंय ना? हा आवाज कधी कुणाला भांडी घासायला सांगत नाही. बाप आजारी आहे, त्याच्याजवळ बस, असं सांगत नाही. सोसायटीचा हप्ता थकलाय तो भर, असं तर चुकूनही सांगत नाही.

आमच्याकडे मार्गदर्शनाची सोय पूर्वापार आहे. तिला कौल म्हणतात. देवळात पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ लावायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी टक लावून बघत बसायचं. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. कधी लगेच पडतं, कधी तासभर पडत नाही. पण त्यात दोन गोष्टी असतात ज्या वहीत नाहीत. एक म्हणजे प्रश्न चारचौघांत विचारावा लागतो. बुलेट घेऊ का, हा प्रश्न बारापाचांच्या मानकऱ्यांसमोर देवाला विचारायची छाती कुणाची आहे? दुसरं म्हणजे देव नाही म्हणू शकतो. डावा कौल पडला की घरभरणी पुढे जाते, सोयरीक मोडते, माणूस मुकाट घरी येतो. या नव्या आतल्या कौलात आम्ही आजतागायत एकही पाकळी डावीकडे पडलेली ऐकली नाही. सगळे कौल उजवे, तेही मागितल्याबरोबर.

आतला आवाज काही आज निघालेला नाही. सॉक्रेटिसाला तो लहानपणापासून ऐकू यायचा. त्याचा शिष्य प्लेटो लिहून गेलाय की तो आवाज सॉक्रेटिसाला अमुक कर असं कधीच सांगत नसे. करू नको, एवढंच सांगे. म्हणजे तिकडचा कौल कायम डावा! गांधीजींना १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगात रात्री आवाज ऐकू आला. त्याने काय सांगितलं? एकवीस दिवस उपास कर. ८ मे रोजी त्यांनी उपास सुरू केला, सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडून दिलं, तरी पुण्यात पर्णकुटीत राहून त्यांनी तो २९ मेपर्यंत पुरा केला. आणि २००४ साली सोनिया गांधींच्या अंतरात्म्याच्या आवाजाने पंतप्रधानपद नको म्हणायला लावलं. एकाला अडवलं, एकाला उपाशी ठेवलं, एकीला खुर्चीवर बसू दिलं नाही. आमच्याकडचा आवाज बुलेटवर बसवतो. (महाराष्ट्रातल्या आमदारांना गेल्या काही वर्षांत जे आवाज ऐकू आले त्यांचा इथे उल्लेख करत नाही. ते आतले नव्हते, फोनवरचे होते.)

आणि आपल्याच जिल्ह्यातला दाखला हवा असेल तर चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' वाचा. वेंगुर्ल्याकडचा माणूस, तेंडोलीच्या बागलाच्या राईत १९३० साली जन्मलेला; दैवी आदेश कानी पडलेल्या माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या वाट्याला काय येतं ते त्याने असं लिहिलं की रात्री वाचलं तर मागच्या दारी जायला भीती वाटते. श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमाही काढला. त्या कादंबरीत कुणी वासाची मेणबत्ती लावत नाही. पण ज्याला ज्याला आपल्याला वरून, आतून किंवा समुद्रातून काही ऐकू येतंय असं वाटतं, त्याने ती उशाशी ठेवावी.

आता बघा, २०२५ च्या हंगामापासून आमच्याच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने एक युक्ती काढली. देवगड हापूसच्या नावाखाली कुठकुठला आंबा विकतात म्हणून प्रत्येक फळावर वेगळ्या नंबरचं स्टिकर. स्टिकर ओढलं की फाटतं, नंबर मोबाइलवरून पाठवला की फळ अस्सल की भेसळीचं ते कळतं. बाजारात त्या दिवशी एक काकी म्हणाल्या, "एक तसला स्टिकर आतल्या आवाजाकय लाय म्हणा." सगळे हसले. पण बाई बोलली ते सोन्याच्या मोलाचं बोलली. पेटीतला आंबा कुठला ते कळायची सोय झाली. मनातला आवाज देवगडचा की कर्नाटकाचा, ते कळायची अजून नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती कुचेष्टा करते आहे. प्रतिभेला निवांतपणा नको का? हवा ना. पण आमच्या दशावतारवाल्यांकडे बघा आणि मग बोला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ही मंडळी आज या गावात, उद्या त्या गावात. आता दिलीप प्रभावळकरांच्या 'दशावतार' सिनेमामुळे मुंबईकरही विचारू लागलेत, कुठे बघायला मिळेल म्हणून. या, बघा, आणि नाटकाआधी पडद्यामागे डोकवा. देवळाच्या आवारात कापडाचा आडोसा केलेला असतो. पेटाऱ्याला नमस्कार करून नट खाली बसतो. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हाताचं बोट रंगात. तोंड स्वतःचं स्वतःच रंगवायचं. ते चालू असताना त्याला सांगतात की आज आख्यान अमुक, तू अमुक राजा, तो तुझा वैरी, हिला तू पळवणार, शेवटी तू मरणार. एवढंच. संहिता नाही, पाठांतर नाही, तालीम नाही. भुवई कोरून होते तोवर त्याच्या डोक्यात राजा तयार. बाहेर पोरं रडताहेत, खाजेवाला ओरडतोय, हार्मोनियम आणि मृदंग सुरू झालेत, आणि हा पडदा सारून रंगावर जातो आणि तिथल्या तिथे पल्लेदार वाक्यं रचतो. समोरचाही तिथल्या तिथे उत्तर देतो. तासन्‌तास, पार पहाटेपर्यंत. यातले कित्येक दिवसा शेतीची, मजुरीची कामं करतात. त्यांना जर म्हटलं की प्रेरणेसाठी रोज थोडी जागा मोकळी ठेवा, तर ते विचारतील, "खंय ठेवू? पेटाऱ्यात?"

खानोलकर तरी कुठे निवांत होते? आरती प्रभू या नावाने कविता लिहीत होते तेव्हा कुडाळात खाणावळ चालवत होते. खाणावळ चालली नाही, कविता चालली. आमच्याच देवगड तालुक्यातल्या धालवलीत १९१८ साली जन्मलेले विंदा करंदीकर मास्तरकी करत लिहीत गेले आणि त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या भिंतीवर स्वप्नांची चित्रं डकवलेला फळा होता असं काही आमच्या ऐकिवात नाही. सध्या गावात तोही प्रकार सुरू झालाय, बरं का. कपाटाच्या दाराला आतून कापड लावलेला थर्माकोल, त्यावर मासिकांतून कापलेली पॅरिसची चित्रं, एक पांढरं घर, एक सडपातळ बाई. रोज बघायचं म्हणजे मिळतं.

आणि आता मुद्द्याचं. इतका वेळ खमंग फोडणी दिली, आता आतलं बोलते. निवांतपणा आकाशातून पडत नाही. घरात एकाला अर्धा तास मोकळा मिळतो तेव्हा तो अर्धा तास दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरून काढलेला असतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर कोण चढत असे? आवली. वाटेत पायात काटा रुतला तो पांडुरंगाने काढला, अशी आख्यायिका आहे. काढला असेल. भाकरी मात्र पांडुरंगाने वाहून नेल्याचं कुणी सांगत नाही. मराठीत तीनशे वर्षं आपण तिला कजाग म्हणून हसलो. ती डोंगर चढत होती आणि घरातली चूलही सांभाळत होती, हे कीर्तनात विनोदापुरतं आलं.

पुढे थेट १९९० साल उजाडावं लागलं. त्या साली सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि घराघरांत खरोखरचा गदारोळ झाला. रत्नागिरीची मुलगी, कोकणातली बाई बोलते तशी बोलली. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाला लिहायला, गायला, हसवायला जी मोकळीक होती, तिच्या मागे पत्रव्यवहार, हिशोब, प्रुफं, पाहुणे, औषधं हे सगळं कोण बघत होतं, ते तिने मांडलं. लोक म्हणाले, असं लिहितात का नवऱ्याबद्दल! आजही बाजारात नाव काढा, दोन तट पडतात. व्हर्जिनिया वुल्फ बाईंनी इंग्लंडात १९२९ मध्ये सांगूनच टाकलं होतं की बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. कोपरा, मेणबत्ती, प्रेरणा नाही म्हणाल्या त्या; खोली आणि पैसे म्हणाल्या. आणि आमच्या बहिणाबाई चौधरी? खोली नाही, पैसे नाहीत, अक्षरओळखही नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत राहिल्या. सोपानदेवांनी आणि एका नातलगाने त्या लिहून घेतल्या म्हणून राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुस्तक १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. लोक हा दाखला देतात तो, बघा, जात्यावरही कविता होते, असं म्हणायला. मला तो उलटा दिसतो. जात्यावरून उठायची मुभा असती तर आणखी किती झाली असती, आणि लिहून घेणारं कुणी नव्हतं अशा किती जणींची पिठातच राहिली.

घरातल्या बाईची खरी वही कुठे असते माहीत आहे? भिंतीवर. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं, त्यात तिथी, सण आणि मागच्या बाजूला वाचायला मजकूर दिला. बायकांनी त्यातली चौकट घेतली. कुठल्याही जामसंडेकराच्या स्वयंपाकघरात जा आणि मार्च महिना बघा. दुधाच्या रतिबाचे आकडे, सिलेंडर लावला ती तारीख, फवारणीवाला येऊन गेला, सासऱ्यांची बीपीची गोळी संपली, धाकटीची पाळी, एका कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात 'आई' आणि पुढे काही नाही. ही वही कुणी रोज सकाळी उघडायला सांगितली नाही. हिच्यावर अमेरिकेत पुस्तक निघालं नाही. वर्ष संपलं की ती गुंडाळून फळीवरच्या डब्यांखाली घालतात.

तर साथीतला सगळ्यात मोठा गहजब कशाने झाला असेल? नोकरी सोडणाऱ्या मुलाने नाही. बुलेटनेही नाही. ती पाटा-वरवंट्याची वहिनी सांगितली ना, तिने झाला. पाहुणे गेले, आणि त्यांची एक कोरी वही विसरली. वहिनींनी फोन करून विचारलं. ते म्हणाले, राहू दे तुम्हालाच. दुसऱ्या दिवसापासून वहिनी दुपारी जेवणं आटोपली की माजघराचं दार आतून लावून बसू लागल्या. अर्धा तास. दार आतून लावलं! गावात कुणी दुपारी दार लावतं का? मुलगा पहाटे दोन तास बसला तर तो चिंतन करतो. सासरे ओटीवर बसले तर आराम करतात. वहिनी अर्धा तास बसल्या तर अंगात आलं. शेजारी विचारपूस करून गेले, एक आतेसासू खास मिठबावहून आली. दिराने दारावर थाप मारली, "दूध उतू जाता!" आतून आवाज आला, "मगे गॅस बंद कर." बस. या एका वाक्यावर जामसंड्यात आठवडाभर चर्चा चालली आहे. म्हणे, तिला कुणीतरी शिकवलं. म्हणे, हे मोबाइलचं. एकानेही असं विचारलं नाही की दिराला गॅस बंद करता येत नाही का.

मी आजवर ऐकलेला हा पहिला आतला आवाज, जो खरोखर आतून आला. दाराच्या आतून.

ज्यांना वाटतं की असं केलं तर घर मोडतं, त्यांनी आचऱ्याकडे बघावं. मालवण तालुक्यातलं आचरा, रामेश्वराचं गाव. तिथे दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि गावपळण निघते. अख्खं गाव, घरं बंद करून, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत, झाडांखाली राहतं. गाव मोकळं. जवळच्या चिंदर, वायंगणीलाही ही रीत आहे. भजनं होतात, फुगड्या होतात, म्हातारी माणसं वर्षात बोलली नसतील तेवढी बोलतात. मग पुन्हा कौल होतो आणि गाव परत येतं. आता याला काय म्हणाल? पण यात एक गोष्ट आहे. तिथे एकट्याला सुट्टी मिळत नाही. सावकार आणि गडी, सासू आणि सून, देऊळ आणि दुकान, सगळ्यांना एकदम मिळते. एकाच्या निवांतपणासाठी दुसरा मागे राहून चूल पेटवतोय, असा प्रकार नाही. मागे राहायला गावात कुणी नसतंच. झोपडीतली भाकरी कोण थापतं ते मात्र जरा चौकशी करून कळवते.

बंदरावरही तीच रीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. सरकारचा हुकूम, माशांच्या विणीसाठी. सगळ्यांच्या बोटी एकदम वर येतात, म्हणून कुणी कुणाला आळशी म्हणत नाही. जाळी विणत बसतात, आणि भजनाचे नवे तुकडेही तेव्हाच बसतात.

तेव्हा माझा निकाल ऐका. वही चांगली. मौन चांगलं. मेणबत्तीचा वास मला सोसत नाही, पण चालवून घेते. घरात एकाने पहाटे बसायचं असेल तर दुपारी दुसऱ्याने बसायचं, तिसऱ्याने संध्याकाळी. आणि जो बसला नसेल त्याने दूध बघायचं. पाळी कालनिर्णयवर लिहून ठेवा, फवारणीची लिहिता तशी. आणि तुम्हाला आतला आवाज ऐकू आलाच, तर तो आधी स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवा. तिथून उजवा कौल मिळाला तर खुशाल हिमाचलला जा.

आणि हो, वहिनींच्या वहीला हात लावू नका कुणी. तिघी जणी आडून आडून विचारून आल्या, काय लिहिलंय म्हणून. वहिनी म्हणाल्या, मनात येतं ते. आणि मग म्हणाल्या, तुम्हा तिघींबद्दलही आहे.